‘इतर’ चालणार नाही

या माणसाबद्दल मी कधी बोललोच नाही असं नाही. उलट खूप बोललो. निरोप समारंभात, लग्नाच्या पंगतीत, जुने सहकारी भेटले की चहाबरोबर, त्यांचे किस्से मी रंगवून सांगत आलो. लोक हसतात. हशा पिकला की मी थांबतो आणि विषय बदलतो. पुढचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता ते नाहीत, आणि माझंही वय असं झालंय की टाळायला पुढे फारशी जागा उरलेली नाही. म्हणून या वेळी शेवटपर्यंत लिहितो. सुरुवात मात्र किश्शांपासूनच करावी लागेल, कारण तो माणूस आधी त्रासदायक होता; बाकीचं सगळं नंतर.

त्रासदायक हा शब्दही सौम्यच म्हणायचा. आमच्या अभियांत्रिकी कॉलेजात ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवत, मी संगणक विभागाचा प्रमुख. आमच्या खोल्या शेजारी-शेजारी. त्यांच्या खोलीत कुणीही शिरलं की मान वर न करता ते विचारत, “काम, बोलणं, की तक्रार?” तिन्हीपैकी एक सांगितल्याशिवाय बसायला खुर्ची नाही. बरं, ‘काम’ सांगून बसलात आणि मध्येच मुलाच्या मार्कांचा विषय निघाला, तर हात वर करून थांबवत. “एक मिनिट. आपण बोलण्यात आलो. काम संपलं का?”

एकदा प्राचार्य स्वतः आले. प्रश्न आला. प्राचार्य हसून म्हणाले, “अहो, थोडं काम, थोडं बोलणं.”

“दोन्ही नसतं, सर. केबिनमधून उठलात तेव्हा काय होतं?”

प्राचार्य दारात उभे राहून आठवत राहिले. मग म्हणाले, “विसरलो,” आणि परत गेले. तासाभराने शिपायाबरोबर चिठ्ठी आली. वर लिहिलं होतं, ‘तक्रार’.

नाशिकसारख्या गावात राहून त्यांना मिसळ मान्य नव्हती. कँटीनमध्ये ते उसळ एका वाटीत, रस्सा दुसऱ्या वाटीत आणि फरसाण बशीत मागत. कँटीनवाला वैतागून म्हणायचा, “सर, मग मिसळ कशाला म्हणता? तीन पदार्थ सांगा ना.” ते शांतपणे म्हणत, “मी कुठे मिसळ म्हणालो? तुमच्या फळ्यावर तसं लिहिलंय.”

घरी त्यांच्या पत्नीचे, आमच्या वहिनींचे, हाल वेगळेच. मी एकदा गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरी गेलो, तर स्वयंपाकघरात वाद चाललेला. हिंगाची डबी मसाल्यांच्या फळीवर नव्हती, औषधांच्या कपाटात होती.

“फोडणी जळायला लागली आणि हे म्हणतात हिंग औषधात!” वहिनी मला म्हणाल्या. “तुम्हीच सांगा भावजी, जगात कुणाकडे असतो का?”

“शेजारची सून काय म्हणत येते?” त्यांनी विचारलं. “‘काकू, बाळाचं पोट दुखतंय, हिंग आहे का?’ म्हणत येते. घाईत कोण असतं? ती. तुझी फोडणी थांबू शकते.”

“फोडणी थांबू शकते!” वहिनींनी कपाळाला हात लावला. पुढे त्यांनी हिंगाची दुसरी डबी आणली आणि धान्याच्या कोठीमागे लपवून ठेवली. ती मला माहीत होती, त्यांना कधी कळली नाही.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांचं घराणं रामकुंडावरचं, तीर्थोपाध्यायांचं. वडिलांनीही तोच व्यवसाय केला. बाहेरगावचा यजमान कुंडावर उतरला की त्याला पहिला प्रश्न नावाचा नसतो, गावाचा असतो. गाव कळलं की त्या गावाचं उपाध्यायपण कुणाकडे आहे ते कळतं, आणि माणूस बरोबर त्या घरी पोचवला जातो. एक गाव, एक घर. “वडील म्हणायचे,” त्यांनी सांगितलं, “ज्याचा उपाध्याय सापडत नाही असा माणूस आजवर कुंडावर आलेला नाही. विचारणारा आळशी असतो, एवढंच.” मोठे भाऊ त्र्यंबकला हेच काम बघत. हे नोकरीत आले, पण ‘गाव कोणतं?’ हा प्रश्न मनातून गेला नाही. तो त्यांनी स्क्रूड्रायव्हरपासून हिंगापर्यंत सगळ्यांना विचारला. आणि मग माझ्या दुर्दैवाने लिनक्सला.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून काढून टाकलेले संगणक एक संस्था गोळा करत होती. ते पेठ, सुरगाणा, दिंडोरी, इगतपुरी भागातल्या शाळांना द्यायचे होते. यंत्रं मिळाली, पण त्यांत घालायला विकतची सॉफ्टवेअर घेणं शक्य नव्हतं. म्हणून मोफत मिळणारं लिनक्स वापरायचं, आणि मास्तरांना समजेल अशी मराठी यादी असलेली सीडी आमच्या कॉलेजने तयार करायची, असं ठरलं. प्रकल्पाचा प्रमुख मी.

ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लिनक्सच्या भांडारात हजारो प्रोग्राम असतात. प्रत्येकाचं एक बांधलेलं पुडकं, त्याला पॅकेज म्हणतात. प्रत्येक पुडक्यावर एक शिक्का असतो, हे कोणत्या वर्गातलं. चित्रं, आवाज, गणित, टपाल, खेळ असे वर्ग. एका पुडक्याला एकच शिक्का. बाहेरच्या मंडळींनी हे शिक्के आधीच मारलेले होते. आम्ही शाळेला लागतील तेवढी पुडकी निवडायची आणि वर्गांची नावं मराठीत करायची. दोन शनिवारांचं काम, असा माझा अंदाज. मी मूळ शिक्के जसेच्या तसे मराठीत केले, त्यांची एक फाईल बनवली आणि कौतुकाने त्यांना दाखवली. तिथे फसलो.

त्यांनी यादी वाचली आणि चष्मा काढला. “हौशी रेडिओवाल्यांना स्वतंत्र घर आहे इथे.”

“हो. मूळ यादीत आहे तसं.”

“आणि शाळेला?”

शाळेला वर्ग नव्हता. खरंच नव्हता. बिनतारी रेडिओ लावून बसणाऱ्या हौशी लोकांना होता.

“आणि हे ‘उपयुक्त’ काय?” त्यांनी पुढे विचारलं. “मग बाकीचे निरुपयोगी का? तसं असेल तर सीडीवर कशाला घेताय?” मग बोट खाली सरकलं आणि तिथेच थांबलं. “हे ‘इतर’ चालणार नाही.”

“अहो, ‘इतर’ सगळीकडे असतं. रेशन कार्डावरसुद्धा असतं.”

“म्हणून तर रांग असते,” ते म्हणाले. “‘इतर’ म्हणजे वस्तूचा गुण नाही, विभागप्रमुख. ‘इतर’ म्हणजे आपला कंटाळा.”

त्या दिवसापासून वर्गवारी त्यांच्याकडे गेली, म्हणजे त्यांनी घेतली. त्यांनी स्वतःची वेगळी फाईल सुरू केली. त्यांची रीत एकच: ही वस्तू काय आहे ते विचारायचं नाही, ती शोधत येणारा मास्तर दारात काय म्हणेल ते विचारायचं. ऐकायला छान आहे. दर शनिवारी भर उन्हात, वीज गेलेल्या प्रयोगशाळेत बसून ऐकावं लागलं तर कळतं.

एक छोटा प्रोग्राम होता. पडद्यावर नुसते दोन डोळे, माऊस जिकडे नेऊ तिकडे बघणारे. त्याचा दुसरा काही उपयोग नाही. त्या दोन डोळ्यांवर आमचे किती शनिवार गेले ते मोजण्याची माझी इच्छा नाही. मी म्हणालो, खेळात टाका. ते म्हणाले, यात हरणं-जिंकणं कुठे आहे? मी म्हणालो, चित्रांत टाका. ते म्हणाले, यात कोण काय काढतंय? मी म्हणालो, मग काढून टाका. ते म्हणाले, “यजमानाला परत पाठवायचं?”

आमच्या विभागातल्या एक मॅडम सुरुवातीला येत असत. डोळ्यांच्या दुसऱ्या शनिवारी त्या पर्स उचलून उठल्या. “सर, माझ्या घरी दोन पोरं आहेत, त्यांच्याकडे बघायलासुद्धा मला इतका वेळ मिळत नाही.” त्या पुन्हा आल्या नाहीत.

उत्तर शेवटी दिंडोरीच्या एका हेडमास्तरांमुळे मिळालं. ते सहज बघायला आले होते. माऊस असा धरलेला की जणू विंचू चिमटीत पकडलाय. पडद्यावरचे डोळे आपल्या हाताबरोबर फिरताना पाहून ते हसले, आणि पाच मिनिटांत हात मोकळा झाला. “लय भारी हाय हे,” ते म्हणाले. “हात बसला की माझा!”

आमचे गृहस्थ ताडकन उठले आणि फळ्यावर लिहिलं, ‘हात बसवणे’. नवा वर्ग. त्यात ते डोळे आले. माऊसची चक्रव्यूहं आली. आणि टायपिंग शिकवणारा एक प्रोग्राम आला. त्यात वरून अक्षरं पडत आणि खाली आदळायच्या आत ती कळ दाबावी लागे. बाहेरच्या यादीत त्यावर शिक्का होता ‘खेळ’.

तेच हेडमास्तर जाताना मला बजावून गेले, “सर, खेळ तेवढे नको बरं का. खेळाचं नाव जरी दिसलं ना, पोरं धड्याला बसायची नाय.” बाकी शाळांचंही हेच म्हणणं. म्हणून मी सीडीतच सोय केली: ‘खेळ’ हा शिक्का असलेलं काहीही शाळेच्या यंत्रावर उतरणारच नाही. ही सोय मी केली. हे मला पक्कं माहीत होतं. लक्षात ठेवा.

महिने गेले. बहुतेक पुडकी लागली, पण काही उरली. त्यांच्या फाईलमध्ये त्या पुडक्यांपुढे शिक्क्याची जागा कोरी होती. एकही कोरी जागा असली की सीडी बनवणारा प्रोग्राम अडून बसे. इकडे पेठच्या पुढच्या एका आश्रमशाळेत कार्यक्रम ठरला. अधिकारी येणार, मुलं संगणक चालवून दाखवणार, ते पटलं तर बाकीच्या शाळांना मंजुरी. संस्थेचे फोन मला, प्राचार्यांचे निरोप मला. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. कारण विचारायला गेलं की “काम, बोलणं, की तक्रार?”

त्या आठवड्यात त्र्यंबकला त्यांचे भाऊ आजारी पडले आणि एका जुन्या यजमानाचं कार्य करायला यांना जावं लागलं. जाताना म्हणाले, “उरलेली आल्यावर लावतो. तोवर काही हलवू नका. आणि ‘इतर’ करू नका, हात जोडतो.” खरंच हात जोडले. मला त्याचाही राग आला.

सीडीची मूळ प्रत संध्याकाळपर्यंत प्रती काढणाऱ्या दुकानात द्यायची होती. मी बसलो. प्रोग्राम अडला. एका पुडक्याला शिक्का नाही. दुसऱ्याला नाही. त्यांच्या फाईलमधल्या त्या रिकाम्या जागा माझ्याकडे त्या दोन डोळ्यांसारख्या बघत होत्या. यंत्रावर माझी जुनी फाईलही होती. तीत सगळे शिक्के भरलेले, ‘इतर’सकट. कोणती फाईल वापरायची हे सांगणारी एकच ओळ होती. मी ती बदलली. नवीऐवजी जुनी. सीडी सुरळीत बनली. मला इतकं हलकं वाटलं की मी शिट्टी वाजवत जिना उतरलो.

जुन्या फाईलमध्ये ‘हात बसवणे’ नव्हतं. टायपिंगचा प्रोग्राम तिथे खेळांत होता. आणि खेळ शाळेच्या यंत्रावर उतरणार नव्हते. हे तिन्ही मला माहीत होतं. फक्त त्या संध्याकाळी मी ते एकत्र ठेवून पाहिलं नाही.

मी त्र्यंबकला पाठवलेल्या सीड्या घेऊन ते तिथून परस्पर आश्रमशाळेत गेले. तिथलं मला नंतर तिथल्या मास्तरांनी सांगितलं. यांनी आधी दोनदा तिथे जाऊन एका यंत्रावर मुलांची तयारी करून घेतली होती. अक्षरं पडायच्या त्या प्रोग्रामला मुलांनी नाव ठेवलं होतं, ‘बोरं झेलायची’. कार्यक्रमाला सगळी यंत्रं नव्या सीडीने नव्याने लावली. अधिकारी खुर्च्यांवर बसले. चुणचुणीत म्हणून निवडलेली एक मुलगी पुढे बसली, बोटं कळांवर ठेवून तयार. यांनी यादी उघडली. ‘हात बसवणे’ नाही. पुन्हा वरून खाली पाहिलं. नाही.

“सर, बोरं कुठं गेली?” मुलीने विचारलं.

ते यादी वर-खाली करत राहिले. मुलीने बोटं तशीच धरून ठेवली होती. कुणी तिला काढ म्हणालं नव्हतं. मागून एक साहेब म्हणाले, “फुकटचं असंच असतं हो.” हशा झाला. मग चहा झाला. मंजुरी लांबली, आणि त्या वर्षी बाकीच्या शाळांना यंत्रं मिळाली नाहीत.

शाळेतून मला फोन आला. फोन खाली ठेवल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर प्रयोगशाळेत जाऊन ती ओळ पुन्हा बदलली. जुनीच्या जागी नवी. कुणी सांगितलं नव्हतं. दुरुस्ती करतोय असं मी स्वतःला म्हणत होतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी ते येऊन यंत्रासमोर बसले तेव्हा त्यांना सगळं जागच्या जागी दिसलं. त्यांची फाईल लावलेली. सीडी मात्र चुकीची. त्यांनी दोन्ही फायली उघडून सीडीशी ताडून पाहिल्या. मग माझ्या खोलीत आले आणि, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्या दारात उभं राहून स्वतःच म्हणाले, “तक्रार आहे. माझ्याबद्दल.” निघायच्या गडबडीत जुनी फाईल आपणच लावून गेलो असणार आणि चूक कळल्यावर मी ती सरळ केली असणार, असं त्यांनी ठरवलं होतं. “दोन फायली ठेवायच्याच नव्हत्या. एका गावाला दोन उपाध्याय झाले की भांडण होतंच.”

मी म्हणालो, “जाऊ द्या हो. होतं असं.”

होतं असं! हे माझे शब्द.

बैठकीत संस्थेच्या माणसाने विचारलं, “वर्गवारी कुणाकडे होती?” ते म्हणाले, “माझ्याकडे. चूक माझी.” प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, प्रकल्पप्रमुख मी होतो. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि पीत राहिलो. पाणी संपल्यावरही ग्लास तोंडाशी धरून होतो. वर्गवारी त्यांच्याकडून काढून घ्यावी असं ठरलं, आणि बैठकीचं इतिवृत्त लिहिलं मी.

ते रागावले असते, भांडले असते, तर मी कदाचित बोललो असतो. त्यांच्या हट्टीपणाला माझ्याकडे वर्षानुवर्षांची तयार उत्तरं होती. पण त्यांनी आपली फाईल वर्गवारीला नेमलेल्या नव्या विद्यार्थ्यांच्या हवाली केली. पुढच्या शनिवारी नव्या मुलांनी त्यांना एका पुडक्याबद्दल विचारलं, “सर, हे घड्याळाचं कशात घालू?” मी शेजारीच होतो. मला वाटलं, आता तासभर गेला.

“टाका कुठेही,” ते म्हणाले.

तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. आयुष्यभर मी त्यांच्याकडून हेच शब्द ऐकायला आसुसलो होतो. आणि ते असे आले.

मग खोलीच्या दारातला प्रश्नही बंद झाला. कुणीही यावं, बसावं. लोक म्हणाले, सर आता माणसात आले. कँटीनवाला म्हणाला, “आता सर सरळ मिसळ खातात.” सगळ्यांना बरं वाटलं. सीडी पुढे निघाली, तीत ‘हात बसवणे’ होतं, शाळांना तेच सगळ्यांत जास्त आवडलं. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “अच्छा? तो वर्ग कुणी केला?” थट्टा होती की काय, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

निवृत्तीनंतर किती तरी वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो. सहज नाही, ठरवून. वाक्य पाठ करून गेलो होतो. रिक्षात ते दोनदा पुटपुटलो, रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

वहिनींनी दार उघडलं. चहा टाकता टाकता उत्साहाने म्हणाल्या, “भावजी, आता काही कटकट नाही हो यांची. बघा.” ओट्यावर एक मोठा डबा होता. त्यात हिंग होता, सुतळी होती, जुन्या किल्ल्या, बाम, मेणबत्त्या. डब्यावर चिकटपट्टी, आणि तिच्यावर त्यांच्याच सुबक अक्षरांत लिहिलं होतं, ‘इतर’.

मी बाहेर येऊन बसलो. ते खुर्चीत होते, वाळले होते, पण डोळे तसेच. आम्ही पावसापाण्याचं बोललो, द्राक्षांचं बोललो, कोण कोण गेलं ते बोललो. मग वहिनी चहा ठेवून आत गेल्या. ते माझ्याकडे बघून हसले, आणि खूप वर्षांपूर्वीच्या आवाजात म्हणाले, “बरं, विभागप्रमुख. कशासाठी आलात? काम, बोलणं, की तक्रार?”

प्रश्न समोर होता. दारही त्यांनीच उघडून दिलं होतं. मला फक्त गाव सांगायचं होतं.

“‘इतर’मध्ये धरा,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. “चालेल,” म्हणाले. “आता चालतं.” आणि बशी माझ्याकडे सरकवली.

निघताना ते काठी टेकत फाटकापर्यंत आले. रिक्षा लगेच मिळाली. मी वळून हात केला, त्यांनीही केला. गंगापूर रोडच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडात होतं, जसंच्या तसं, एकही शब्द न विसरलेलं: ती फाईल तुम्ही नाही बदललीत, मी बदलली, तुमच्या हातून कुठलंच पुडकं कधी चुकीच्या घरी गेलं नाही, मला माफ करा.